लेकरं घेऊन केनियाला 'सेवा' करायला जाणाऱ्यांना एक प्रश्न

तर्रीपोहा:
काल इथे एका ताईंची पोस्ट वाचली आणि चहा कडू झाला. मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) टीमसोबत दोन आठवडे केनिया, सोबत नववीतला मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. अनाथाश्रमाची भिंत रंगवली, बायबलच्या गोष्टी सांगितल्या, निघताना 'तिथली बाळं गळ्यात पडून रडली, आमच्या मुलांना आपल्याकडे किती आहे ते कळलं.' वर पंचवीस फोटो.

ताई, तुमच्या मुलांना धडा मिळावा म्हणून ती बाळं तिथे ठेवली आहेत का? एक टीम जाते, दुसरी येते. तासाभराच्या ओळखीवर लेकरू गळ्यात पडतं तेव्हा आनंद कसला होतो, काळजी वाटायला पाहिजे. कंबोडियात २००५ ते २०१० मध्ये अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले आणि आतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा बाप जिवंत होते. पाहुणे येतात, पैसा येतो, म्हणून मुलं भरायची. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नव्या आश्रमांची नोंदणी थांबवली ती काय उगाच? आणि भिंतीचं म्हणाल तर तिथे पेंटर मिळत नाहीत का? चौघांच्या तिकिटात किती भिंती झाल्या असत्या!

सदरची_ताई:
ती पोस्ट माझी, तेव्हा समोरूनच बोलते. फोटो अकरा होते, पंचवीस नाही. पैसे दोन वर्षं साठवले, पिवळ्या तापाच्या सुया टोचून घेतल्या, कोणाकडे हात पसरला नाही. आणि आम्ही काही गोरे साहेब नाही हो. तिथल्या बायका माझ्यासोबत भाजी चिरत बसायच्या. एकीनं विचारलं, तुझ्यासाठी नवऱ्यानं किती गाई दिल्या? म्हटलं, आमच्याकडे उलटं असतं बाई. तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत राहिली. हे तुमच्या टक्केवारीत कुठे बसतं?

धरमपेठी:
केनिया कशाला? मेळघाट आहे, गडचिरोली आहे. पण तिथे विमानतळावरचा सेल्फी मिळत नाही ना. बाकी मिशनरी कशासाठी जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मानेवाड्याचा:
भाऊ, तुम्ही शेवटचे मेळघाटात कधी गेलते?

धरमपेठी:
२०१९ ला. चिखलदऱ्याला.

मानेवाड्याचा:
म्हणजे पॉइंट पाहाले आणि भुट्टा खाले. हाव, मोठी सेवा केली.

जुना_हिस्लॉपियन:
'मिशनरी कशासाठी जातात' म्हणे. स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आला आणि १८६३ ला नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून मेला. अठरा वर्षं! मराठी शिकला, शाळा काढली, गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाचं गाणं लिहून घेतलं. त्याच्या नावाच्या कॉलेजातून तुमचे वडील बीए झाले, हे तुम्हीच गेल्या महिन्यात मिरवून राहिले होते.

धरमपेठी:
वडिलांना मध्ये आणू नका. हिस्लॉपही धर्म पसरवायलाच आला होता. दगडं फावल्या वेळात.

जुना_हिस्लॉपियन:
त्याच्या फावल्या वेळात नागपूरचं भूविज्ञान उभं राहिलं. तुमच्या फावल्या वेळात काय उभं राहिलं ते दिसतंच आहे.

धरमपेठी:
तोंड सांभाळून. आणि कॉलेज १८८३ चं. तो तेव्हा हयातच नव्हता.

तर्रीपोहा:
अरे, विषय केनिया आहे, टाकळघाट नाही! पण हिस्लॉप काढलाच आहे तर ऐका. अठरा वर्षं राहणारा वेगळा आणि चौदा दिवसांत परतीचं विमान पकडणारा वेगळा.

सदरची_ताई:
आणि तासाभरात परतणारा? गेल्या वर्षी लेकीचा वाढदिवस आश्रमात कोणी केला? केक, टोप्या, रांगेत बसवलेली पोरं. फोटो अजून आहेत तुमच्या पानावर.

तर्रीपोहा:
...बरं. तेही चूक. झालं समाधान?

होस्टेलचा:
आजवर फक्त वाचत होतो. मी मिशनच्या वसतिगृहात वाढलो, विदर्भातल्याच. आई होती, बापही होता. घरी खायचे वांधे, म्हणून तिथे टाकलं. जानेवारीत परदेशी पाहुणे यायचे. आदल्या दिवशी डोक्याला तेल, अंगात नवा शर्ट. पाहुणे गेले की शर्ट परत पेटीत. एका वर्षी माझ्याच वयाचा एक मुलगा आईबापासोबत आला. तीन दिवस विटीदांडू खेळलो, त्याला विटी उडवता येईना. जाताना त्यानं मला चेंडू दिला आणि पुढच्या वर्षी येतो म्हणाला. पुढच्या जानेवारीत मी जेवण सोडून फाटकावर उभा. गाडीतून दुसरेच लोक उतरले. त्या दिवशीही मला गाणं म्हणावं लागलं, हसत.

शिक्षण तिथेच झालं, त्याच्या जोरावर रेल्वेत लागलो. तेव्हा धरमपेठी, मिशनला शिव्या द्यायला माझा खांदा वापरू नका. आणि ताई, माझी नोकरी दाखवून तुम्हीही सुटू नका.

सदरची_ताई:
दादा, तुमचं वाचून पोस्टमध्ये न लिहिलेलं सांगते. तिसऱ्या रात्री मच्छरदाणीत माझी लेक म्हणाली, आई, त्या छोट्याची आई बाजारात टमाटे विकते, मग तो इथे कशाला झोपतो? मी म्हटलं, झोप आता.

पुढच्या वर्षीची तिकिटं अजून काढली नाहीत. काढणारच नाही असं म्हटलेलं नाही, तर्रीपोहा, लगेच नाचू नका.

धरमपेठी:
ते ठीक. पण १८६३ ला मेलेल्या माणसाला १८८३ च्या कॉलेजचं श्रेय कसं, याचं उत्तर कोणी दिलंच नाही.

मानेवाड्याचा:
अरे बाप्पा.