प्रतिसाद: हक्क की दया?
प्राण्यांना हक्क नसतात, कारण ‘ज्याला कर्तव्य कळत नाही त्याला हक्क कसला’, हा वरील मुद्दा पटत नाही. तान्ह्या बाळालाही कर्तव्य कळत नाही. मात्र प्राण्यांना मूलभूत हक्क मिळालेले आहेत, हेही खरे नव्हे; 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसा पायंडा नसल्याचे सांगून महाराष्ट्रासह तीन राज्यांचे बैलांच्या शर्यती, जल्लिकट्टू अशा खेळांना मुभा देणारे कायदे कायम ठेवले. आपल्या खानदेशात प्रश्न अधिक रोखठोक आहे. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार 37 अंशांपुढे तापमान असलेल्या भागात दुपारी 12 ते 3 बैल गाडीला जुंपता येत नाही, आरीची पराणीही (टोकाला खिळा असलेली बैल हाकायची काठी) चालत नाही. भुसावळच्या वैशाखात हे कोण पाळतो? पोळ्याच्या आदल्या दिवशी हौसेने खांदेमळणी करणाऱ्यालाही (बैलाचे खांदे चोळणाऱ्यालाही) एरवी जुवाने आलेली खांदेसूज दिसत नाही (तो क्रूर नसतो, घाईत असतो), म्हणून हे दयेवर सोडू नये. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड 10 ते 50 रुपयांचाच आहे.