मदत हवी आहे: तक्रारीसोबत लावायच्या लिंक चार्टसाठी कुठलं सॉफ्टवेअर?

नमस्कार मंडळी, मी वाशीत एका सीए फर्ममध्ये काम करते. महापे एमआयडीसीतल्या एका क्लायंटकडे खोट्या बिलांचं प्रकरण निघालंय, माल आलाच नाही आणि पेमेंट मात्र गेलं, आता वकील म्हणताहेत की आर्थिक गुन्हे शाखेत जाण्याआधी कुठला व्हेंडर कुठल्या खात्याशी, मोबाईलशी, पत्त्याशी जोडलेला आहे ते एका चार्टवर दाखवा.

सध्या गेफी हे असे जोडण्यांचे चार्ट काढणारं सॉफ्टवेअर वापरतेय, फुकट आहे म्हणून. गेल्या आठवड्यात चार्टवर तुर्भ्याचा एक सप्लायर थेट क्लायंटच्या परचेसमधल्या माणसाला चिकटलेला दिसला, दोघांचा खाते नंबर एकच! सर रिपोर्टमध्ये त्याचं नाव घालायलाच निघाले होते. मला राहवेना म्हणून दोघांचे कॅन्सल्ड चेक काढले आणि बोट ठेवून एकेक आकडा जुळवला तर शेवटचे तीन आकडे वेगळे. झालं काय होतं, खात्यांच्या डेटाची सीएसव्ही (साध्या मजकुरातली फाइल) कोणीतरी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली, आणि एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नंबर धरतं, पुढचे सगळे शून्य. आमचे खाते नंबर १८ आकडी, म्हणजे एकाच शाखेतली किती खाती एक होऊन बसली असतील बघा. त्या सप्लायरचे चलान, गेट एन्ट्री सगळं चोख आहे हो, त्याचं नाव पोलिसांत गेलं असतं तर? तेव्हापासून खाते नंबरचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करते.

आता अडलंय ते असं. गेफी इम्पोर्ट करताना दोन टोकांमधले सगळे व्यवहार मिळून एकच जाड रेघ करतं, मला प्रत्येक पेमेंटची तारीख आणि यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) वेगळा दिसायला हवाय. आयटूच्या अ‍ॅनालिस्ट्स नोटबुक या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची वेगळी लिंक ठेवता येते म्हणतात, पण एका केससाठी एवढं लायसन्स सर घेणार नाहीत. गेफीतच काही सेटिंग आहे का, की माल्टेगो बघू?

आणि नावांचं काय करता तुम्ही? ‘साई एंटरप्रायझेस’ पाच स्पेलिंगनी आहे, मी पॅन जुळला तरच एकत्र करतेय, नुसता मोबाईल जुळला तर तुटक रेघ.

कोर्टाचं काम केलेलं कोणी असेल तर हेही सांगा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या) सर्टिफिकेटसाठी हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, मूळ स्टेटमेंट फाइलचीच घ्यायची की चार्टचीही? सोमवारी वकिलांकडे ठाण्याला जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.