वरच्या ओठाचं इलेक्ट्रोलिसिस सहन होत नाहीये, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, पीसीओडीमुळे मला हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड केस येतात. लेझरने काळे गेले, पांढरे तसेच राहिले. लेझरला केसात रंगद्रव्य लागतं, त्यामुळे पांढऱ्यांवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून ठाण्यात नौपाड्याला इलेक्ट्रोलिसिस (एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंटने ते मूळ नष्ट करणं) सुरू केलंय.

हनुवटीचं निभतं. ओठाचं मात्र नाही. नाकाच्या अगदी खाली सुई जाऊन करंट सोडला की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, शिंक येते, आणि इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या ताईंना हात थांबवावा लागतो. त्यात वेळ जातो आणि पैसे मिनिटांवर लागतात.

डॉक्टरांनी लिडोकेन-प्रिलोकेनचं, त्वचा बधिर करणारं क्रीम दिलंय. तासभर आधी जाड थर द्यायचा आणि वरून क्लिंग फिल्म लावायची. मी वाशीहून लावून, मास्क चढवून ट्रान्स-हार्बर लोकलने निघते, पण ऐरोली येईपर्यंत घामाने कडा सुटतात आणि क्रीम ओघळतं. तुम्ही ते टिकवता कसं? की क्लिनिकमध्येच तासभर आधी जाऊन बसता?

ओठासाठी थर्मोलिसिस (फक्त उष्णतेने मूळ जाळणारी पद्धत) बरं पडलं की ब्लेंड (उष्णता आणि गॅल्व्हॅनिक करंट एकत्र वापरणारी)? ब्लेंडमध्ये प्रत्येक केसाला जास्त सेकंद लागतात, त्याचीच धास्ती वाटते. दाताचे डॉक्टर देतात तसं बधिरतेचं इंजेक्शन कोणी ओठासाठी घेतलंय का? पाळीच्या आधीचे दिवस मी टाळतेच, तेव्हा जास्त दुखतं.

सोडून दे, थ्रेडिंग कर, असं कृपया सांगू नका. मला हे पूर्ण करायचंय.