खांदेरीचे दीपगृह: किल्ल्याच्या वारशाचाच भाग

अलिबागजवळच्या खांदेरी या बेटावरील किल्ल्यातले दीपगृह ही इंग्रजांची वास्तू असल्यामुळे ती किल्ल्याच्या वारशात धरू नये, असे एक मत मांडले जाते. ते मला पटत नाही. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटाची तटबंदी हाती घेतली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी हे दोघेही ती रोखण्यासाठी धडपडले, कारण मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर नजर ठेवणारी ही जागा होती. आणि नेमक्या त्याच कारणामुळे १८६७ मध्ये येथे दीपगृह उभे राहिले. जागेचे महत्त्व तेच राहिले, ते ओळखणारे हात तेवढे बदलले. किनाऱ्यावरच्या थळ गावाहून होडीने जाताना आधी शेजारचे उंदेरी बेट लागते, मग खांदेरीच्या टेकाडावरचा मनोरा हळूहळू मोठा होत जातो आणि त्याच्या पायथ्याशी तट दिसू लागतो. बेटावर कोळी बांधवांचा वेताळ आहे, आणि लहान दगडाने ठोकल्यास भांड्यासारखा खणखणणारा एक मोठा खडकही आहे. तो आवाज मी स्वतः ऐकला आहे.

१७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर केलेला हल्ला कान्होजी आंग्रे यांच्या माणसांनी परतवून लावला होता. आज त्या दीपगृहाला कान्होजींचेच नाव आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला आहे; तेथील माहितीफलकांवर तटबंदीइतकीच दीपगृहाचीही नोंद असावी.