मदत हवी आहे: सोडियम आयोडाइड डिटेक्टरचा पीक दुपारी सरकतो

नाशिकला एम.एस्सी. फिजिक्सचा प्रोजेक्ट चालू आहे. सरांच्या गटाला मुंबईच्या पेलेट्रॉनवर (कण-त्वरकावर) बीम टाइम (प्रयोगासाठी ठरवून दिलेला वेळ) मिळालाय, त्यासाठी दोन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर (गॅमा किरण मोजणारा) इथेच तपासून न्यायचा आहे.

सकाळी दहाला सीझियम-१३७ चा ६६२ केईव्ही ऊर्जेचा पीक (स्पेक्ट्रममधला उंचवटा) ४३१ व्या चॅनेलवर (सिग्नलच्या उंचीच्या कप्प्यात) असतो, तीनपर्यंत ४१७ वर. कोबाल्ट-६० चा १३३२ चा पीकही ८६८ वरून ८४०, म्हणजे त्याच प्रमाणात. त्यामुळे ऑफसेट (सगळे पीक सारख्याच चॅनेलनी सरकणं) नाही, गेनच (सिग्नल किती पट वाढतो ते) बदलतोय असं वाटतं. पीकची रुंदी तशीच.

हाय व्होल्टेज तासभर आधी चालू ठेवलं. यूपीएस लावला, केबल बदलली. काउंट रेटमुळे असेल म्हणून सोर्स ५ वरून २० सेंमीवर नेला, तरी तेच. लॅबचं तापमान मात्र २७ वरून ३४ वर जातं (गोदाकाठची थंडी दुपारी कुठे जाते देव जाणे). एसी मिळणार नाही, नवीन खरेदीही नाही. पल्सर (ठरावीक चाचणी सिग्नल देणारं उपकरण) आहे, पण तो प्रीअॅम्पपासून (डिटेक्टरनंतरच्या पहिल्या अॅम्प्लिफायरपासून) पुढचंच सांगतो. क्रिस्टल आणि फोटोमल्टिप्लायर (क्रिस्टलमधल्या प्रकाशाचा विद्युत सिग्नल करणारी नळी) तपासायचे सुटतात.

बीम चालू असताना सीझियम जवळ ठेवलं तर त्याचा कॉम्प्टन (इलेक्ट्रॉनवरून विखुरलेल्या गॅमांचा पसरट भाग) कमी ऊर्जेच्या पीकांवर बसेल. मग दर तासाला वेगळी फाइल घेऊन ५११ (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन नष्ट होताना येणारा पीक) आणि पार्श्वभूमीतल्या पोटॅशियम-४० च्या १४६१ वरून गेन जुळवला तर चालेल का? बीममधला ५११ त्यासाठी भरवशाचा धरता येतो का?