सूट सगळ्या धार्मिक ज्यूंना नाही

इस्रायलमध्ये धार्मिक ज्यूंना सैन्यात जावंच लागत नाही, असं अनेकदा सरसकट म्हटलं जातं. ते बरोबर नाही. मुलग्यांपैकी सूट होती ती येशिवात (ज्यूंच्या धार्मिक पाठशाळेत) पूर्णवेळ धर्मग्रंथ शिकणाऱ्या हरेदी (कट्टर सनातनी ज्यू) तरुणांना. १९४८ला ती जेमतेम ४०० जणांपुरती होती, पुढे हजारोंवर गेली. शेवटी जून २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचा आधारच नसल्याचं सांगितलं.

इथून तिकडे गेलेल्या आपल्या बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांपैकी बहुतेकांना तर ही सूट लागू झालीच नाही. भायखळ्याला आमच्या शेजारच्या मावशी शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, गॅससुद्धा पेटवत नाहीत, इतकं त्यांचं कडक. त्यांचा इस्रायलमधल्या अश्दोद शहरातला नातू सध्या सक्तीच्या सेवेत आहे. फोनवर "आजी, जेवलीस का?" एवढंच मराठी त्याला येतं. फोन बंद झाला तरी मावशी तो कितीतरी वेळ हातात धरून बसतात.