मदत हवी आहे: खारीच्या दोन पिल्लांना माणसाळू न देता परत झाडावर कसं पाठवायचं?

आम्ही दापोलीजवळ राहतो. घराभोवती माड, पोफळी, हापूसची कलमं आणि एक जुना फणस आहे. एप्रिलमध्ये नारळ पाडायला गडी आला होता, तेव्हा सुक्या झावळीबरोबर खारीचं घरटंही खाली आलं. काथ्या, सावरीचा कापूस आणि आमच्याच पायपुसण्याचे दोरे घालून विणलेलं गच्च गाठोडं होतं ते. आत तीन पिल्लं. डोळे मिटलेले, लव नुकतीच फुटायला लागलेली, पण पाठीवरचे पट्टे मात्र स्पष्ट दिसत होते.

काय काय केलं ते आधी सगळं लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

पिल्लं लगेच घरात घेतली नाहीत. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीच्या तळाशी ठेवली, वर घरट्याचाच कापूस पसरला आणि टोपली त्याच माडाला बांधली. मांजराला खोलीत कोंडलं आणि आम्ही सगळे खिडकीमागे थांबलो. बऱ्याच वेळाने खार आली. टोपलीभोवती दोनदा फिरली, एका पिल्लाला पोटाच्या कातडीला धरून उचललं, ते पिल्लू तिच्या मानेला वेढा घालून चिकटलं आणि ती सरसर फणसावर चढून गेली. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. पण उरलेल्या दोघांसाठी ती परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली पुन्हा बांधली, दुपारपर्यंत वाट पाहिली, तरी नाही. तिला काय झालं कोण जाणे. पिल्लं गार पडायला लागली, तेव्हा आत घेतली आणि वनरक्षकांना फोन केला. ते येऊन बघून गेले. जवळपास कुठे सोय नाही, तोवर ऊब आणि दूध चालू ठेवा, डोळे उघडले की पुढचं बघू, असं ठरलं.

दूध देण्याआधी अंगात ऊब आणली. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही हे मला वासरांमुळे माहीत होतं. सुरुवातीला ओआरएसचं कोमट पाणी, मग बकरीचं दूध, आणि कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळते ती दूध पावडर कुरिअरने आली तेव्हापासून तीच. गाईचं दूध दिलेलं नाही. १ मिलीची सिरिंज, सुई काढलेली. पिल्लू उभं धरायचं, उताणं नाही, आणि ओठाशी थेंब थेंब. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मागवला. पिल्लू २० ग्रॅमचं होतं तेव्हा एका वेळी १ मिलीपेक्षा जास्त पाजलं नाही. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पोटाखाली हलकेच पुसायचं, तेव्हाच शी-शू होते. आई चाटून करते ते काम आहे हे. रात्रीची पाळी सासऱ्यांनी घेतली होती. वय पंचाहत्तर, पण गजर व्हायच्या आधी उठून बसायचे.

खोक्यात अंथरायला जुन्या धोतराचे तुकडे वापरतो. टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात.

आता दोघांचेही डोळे उघडून बरेच दिवस झालेत, शेपट्या झुबकेदार झाल्यात. दूध दिवसातून चारदा. आणि इथून पुढे मला काही सुचत नाही, म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठी काळजी अशी की धाकटं पिल्लू (हे आमचं आपलं म्हणणं, आहेत एकाच वेळची) परवापासून मागचा उजवा पाय किंचित ओढत चालतं. पडलं असं कुणी पाहिलेलं नाही. खातं, खेळतं, पण उडी मारायला बघत नाही. गावातले डॉक्टर गाई-म्हशींचे. ते आपुलकीने बघतील, पण एवढ्याशा जिवाला औषध किती द्यायचं याची त्यांनाही खात्री नाही.

दुसरं, खाणं. केळं आणि चिकू आवडीने खातात, बाकी कशाला तोंड लावत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात दुधात मारी बिस्किट भिजवून द्या. मी दिलेलं नाही. काय द्यावं?

तिसरं, सोडणं. माझ्या हिशेबाने ती जूनमध्ये सोडण्याजोगी होतील आणि नेमका तेव्हाच मृगाचा पाऊस. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. अशात सोडायची की थांबायचं?

आणि हे लिहिताना मला त्रास होतोय, पण थोरलं पिल्लू सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात जाऊन झोपतं. लेक शाळेतून आली की ती तिच्या खांद्यावर चढतात. घरात इतका आनंद कित्येक महिन्यांत नव्हता. तरीही मला ती ठेवायची नाहीत. माणसाला न घाबरणारी खार झाडावर किती दिवस जगेल? पहिल्या मांजराच्या पुढ्यात ती आपण होऊन जाईल. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, आधी पायाचं. बाकी सगळं नंतर.

दुखापतही असू शकते, पण हाताने वाढवलेल्या खारींमध्ये मागचे पाय ओढण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कॅल्शियमची कमतरता. नुसती फळं खाणाऱ्या पिल्लांचं हेच होतं. हाडं मऊ पडतात, मग साध्या उडीनेही मोडतात. वेळेत लक्ष दिलं तर सावरतं, उशीर झाला तर पाय कायमचे जातात. कॅल्शियमचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. प्रमाण वजनावर ठरतं आणि ४० ग्रॅमच्या जिवाला एक थेंबही जास्त होऊ शकतो. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांना चालण्याचा व्हिडिओ आणि रोजच्या वजनांचा कागद पाठवा. तुमच्या डॉक्टरांनाच त्यांच्याशी फोनवर जोडून द्या, म्हणजे दोघं मिळून ठरवतील. तोवर त्या पिल्लाला उंच काही चढायला देऊ नका. बसकं खोकं, मऊ अंथरूण.

घरी करण्यासारखं बरंच आहे. रोज सकाळचं कोवळं ऊन, काचेतून नाही, थेट. अर्धं खोकं सावलीत, म्हणजे नको वाटलं की आत जाता येईल, आणि वर जाळी, कावळ्यांसाठी. केळं-चिकू अगदी नखाएवढं करा. दूध इतक्यात तोडू नका. खारी साधारण दोन-अडीच महिन्यांच्या होईपर्यंत पितात. शेवग्याचा कोवळा पाला द्या, त्यात कॅल्शियम भरपूर. आणि तुम्ही समुद्राकाठी आहात तर माकुलाचं हाड आणा, किनाऱ्यावर पांढरं, हलकं वाहून येतं ते. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत, कडक वाळवून पिंजऱ्यात टांगा. खारी ते कुरतडतात. कॅल्शियमही मिळतं आणि दातही झिजतात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून करवंटीचा तुकडा आणि आंब्याची, पेरूची सालीसकट काटकी हवीच.

बिस्किट नको. तुम्ही दिलं नाहीत ते फार बरं केलंत. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियाही आत्ता नकोत. त्या चटकन आवडतात, मग पोर दुसरं काही खात नाही, आणि कॅल्शियम त्यात फार कमी असतं.

प्रतिसाद:

खाण्याबद्दल एक. ताटलीत चिरून देऊ नका. उंबराची फळांसकट फांदी, जास्वंदीच्या कळ्या, वडाची फळं, कोवळ्या शेंगा असं अख्खं झाडच पिंजऱ्यात आणा. फळ फांदीला असतं हे त्यांना कळलं पाहिजे. बाहेर त्यांना कुणी चिरून देणार नाही. किडेही लागतात. खार म्हणजे फळं खाणारी एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण ती वाळवी, अळ्या आवडीने खाते. सालीखाली किडे असलेलं कुजकं लाकूड ठेवलंत तर ती आपणच शोधायला शिकतात.

प्रतिसाद:

वनरक्षकांशी बोलणं झालंय हे उत्तम. खार हा रानातला प्राणी, घरी ठेवून घेण्याचा नाही, तेव्हा पायाबद्दलही त्यांना कळवून ठेवा. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, तिथेही नोंद करा. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. पायाचं दुखणं वाढलं तर वनखात्यामार्फत तिकडे पाठवता येईल. दोघांना एकत्रच पाठवा, भावंडं तोडू नका.

टोपली बांधून आईची वाट पाहिलीत याबद्दल मनापासून नमस्कार. बहुतेक लोक पिल्लू दिसलं की उचलून घरी नेतात आणि तिथेच ते अनाथ होतं. जुन्नर भागात उसाच्या तोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हाही हेच करतात. तपासून, त्याच फडात खोक्यात ठेवायचे आणि माणसांनी मागे सरायचं. रात्री मादी येऊन घेऊन जाते, असं कितीतरी वेळा झालंय. आईइतकं चांगलं कुणीच वाढवत नाही. हा धागा पुढे कुणी वाचेल त्याने आधी टोपली, मग सिरिंज, हा क्रम लक्षात ठेवावा.

आणि कृपया लेकीला पिल्लांचे व्हिडिओ कुठे टाकू देऊ नका. लोकांना वाटतं खार पाळता येते, मग धडधाकट घरट्यांतून पिल्लं काढली जातात.

प्रतिसाद:

सावंतवाडीला आमच्या मागच्या दारी खारी सोडल्यात, त्यावरून लिहितो.

पाऊस सुरू होताना सोडू नका. त्यांना अजून घरटं बांधता येत नाही. भिजलं की ऊब जाते आणि पहिल्या झडीतच संपतं. श्रावणात उघडीप मिळते तेव्हा सोडा. मधले दिवस मोठ्या पिंजऱ्यात. पिंजरा घरात नको, पडवीत, जिथून झाडं दिसतात, वारा लागतो, पावसाचा आवाज येतो पण पागोळ्या आत येत नाहीत. उंची पुरुषभर असली तर छान. जाळी बोटही जाणार नाही इतकी बारीक घ्या, साप आणि घुशींसाठी. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, तिच्यातून साप शिरतो. तळालाही जाळी हवी. पिंजरा टेबलावर ठेवलात तर टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या झोपेतल्या पिल्लाला सोडत नाहीत. वरच्या कोपऱ्यात लाकडी खोकं, मुठीएवढ्या भोकाचं, आणि शेजारी काथ्या, सुकं गवत, सावरीचा कापूस मोकळा टाकून ठेवा. ती स्वतः ओढून आत नेतात आणि विणायला लागतात. ती विणतायत हे दिसलं की समजा तयार झाली.

माणसाळण्याचं म्हणाल तर आजच ठरवा. खायला देणारा माणूस एकच. खांद्यावर, खिशात बंद. बोलणं नाही, नावं नाहीत. हे अवघड जातं, मला माहीत आहे. पण डोळे उघडल्यावर त्यांना एकमेकांची सोबत पुरते आणि तुमच्याकडे दोघं आहेत, हे फार मोठं भाग्य. एकटं पिल्लू असतं तर माणसाला चिकटलंच असतं. दूध सुटलं की ती आपसूक लांब राहायला लागतात. हात घातला की चिर्रर्र करून फुगतात, चावतात. चावली तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सोडायच्या दिवशी सकाळी लवकर, कोरड्या हवेत, पिंजऱ्याचं दार फक्त उघडायचं. हाताने बाहेर काढायचं नाही. पहिले दिवस ती संध्याकाळी झोपायला परत येतात. खोकं आणि खाणं तिथेच राहू द्या, खाणं हळूहळू कमी करा. मांजराचं काय करणार ते आधी ठरवा. आमचं मांजर त्या काळात बहिणीकडे ठेवलं होतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार. एकेक प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला.

पुण्याच्या एका डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला. हाड मोडलेलं वाटत नाही, कमतरतेचीच लक्षणं आहेत असं म्हणाले. वजनावरून मात्रा काढून आमच्या डॉक्टरांना सांगितली, काल संध्याकाळपासून सुरू आहे. आठवड्याने पुन्हा व्हिडिओ पाठवायचा. फरक दिसला नाही तर दोघांनाही पुण्याला पाठवायचं, वनरक्षकांशी तसं बोलून ठेवलंय.

हर्णै बंदरावरून दीर माकुलाची हाडं घेऊन आला, ती भिजत घातलीत. उंबराची फांदी आज सकाळी लावली. थोरल्याने तासभर तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग एक फळ तोडलं, दोन्ही हातांत धरून फिरवलं आणि आतल्या बारीक किड्यांसकट खाल्लं. धाकट्याने त्याचं पाहून पाल्याला तोंड लावलं.

पाजण्याचं काम आता फक्त माझ्याकडे. लेकीला समजावून सांगितलं, ती रडली, मग वहीत रोजची वजनं लिहायचं काम तिने मागून घेतलं. सासऱ्यांनी खिशाची बंडी आपणहून खुंटीला लावली आणि सुताराला निरोप धाडला.

आता राहिलेला प्रश्न जाळीचा. दापोलीच्या दुकानात अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी मिळतेय आणि त्याहून बारीक डासांची. अर्ध्या इंचातून लहान धामण शिरेल का? की बाहेरून दोन्ही लावू? गंजाचं काय, इथे खारा वारा आहे. सुतार रविवारी येतोय, त्याआधी कुणी सांगितलंत तर बरं होईल.

प्रतिसाद:

अर्धा इंच मोठ्या सापाला अडवेल, पण पावसाळ्यात धामणीची पिल्लं पेन्सिलीएवढ्या जाडीची असतात. पाव इंचाची वेल्डेड जाळी खेडला किंवा चिपळूणला मिळेल, ती घ्या. नायलॉनची डासजाळी खारी एका दिवसात कुरतडतात, ती नको. गंजासाठी जस्ताचा मुलामा असलेलीच मागा आणि रंग लावू नका, जाळी चावताना रंग पोटात जातो. आणि दार वरून सरकणारं करा. बिजागरीच्या दाराच्या फटीत शेपटी सापडते.